पुढचं शिक्षण कुठलं, सिस्टर?

जबलपूरच्या उच्च न्यायालयात २०२२ साली एक जनहित याचिका दाखल झाली. ती केली होती लॉ स्टुडंट्स असोसिएशन या कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या संघटनेनं. मध्य प्रदेशातली कित्येक नर्सिंग कॉलेजं फक्त कागदावर चालतात, अशी तक्रार होती. इमारत दाखवलेली, पण वर्ग नाहीत. रुग्णालय दाखवलेलं, पण रुग्ण नाहीत. एकच शिक्षक एकाच वेळी अनेक कॉलेजांच्या यादीत. न्यायालयानं तपास सीबीआयकडे दिला. ३०८ कॉलेजं तपासली गेली. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या अहवालात १६९ कॉलेजं योग्य ठरली, ६० हून अधिक अपात्र ठरली आणि उरलेल्यांत त्रुटी निघाल्या. त्यानंतर मे २०२४ मध्ये सीबीआयनं आपल्याच तपास पथकातल्या एका निरीक्षकाला लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक केली. अनुकूल अहवाल देण्यासाठी पैसे घेतल्याचा तो आरोप होता. मग न्यायालयानं ‘योग्य’ ठरलेल्या कॉलेजांचीही पुन्हा तपासणी करायला सांगितलं. या वेळी सोबत न्यायिक अधिकारी होते आणि तपासणीचं चित्रीकरणही होणार होतं.

हे सगळं चालू असताना हजारो मुलं-मुली परीक्षेची वाट बघत घरी बसून होती. २०२०-२१ मध्ये प्रवेश घेतलेल्या अनेकांची पहिल्या वर्षाची परीक्षाच कित्येक वर्षं रखडली. कुणी शेत गहाण टाकून फी भरली होती, कुणाचं लग्न ‘परीक्षा झाल्यावर बघू’ म्हणून थांबलं होतं. मध्य प्रदेशाच्या खेड्यापाड्यांतून नर्सिंगला येणारी मुलगी बहुधा घरातली पहिली पगारदार बाई असते. तिची तीन वर्षं वाया गेली, तर ती एका घराचीच वाया जातात.

या घोटाळ्यावर वर्तमानपत्रांनी पुष्कळ लिहिलं. त्याच्या आड एक प्रश्न मात्र मागेच राहिला. ज्या मुलीचं बीएस्सी नर्सिंग सुखरूप पार पडलं, जी दोन-तीन वर्षं वॉर्डात घासून निघाली आहे आणि जिला आता पुढे शिकायचं आहे, तिनं काय निवडावं? एमएस्सी करावं की क्रिटिकल केअरची नर्स प्रॅक्टिशनर व्हावं? मिडवाइफरीकडे वळावं? सहा महिन्यांचा कोर्स करून गावच्या आरोग्य केंद्रात जावं? की जर्मन किंवा इंग्रजीच्या क्लासला नाव घालून परदेशची वाट धरावी? चुकीच्या निवडीची किंमत काय असते ते जबलपूरनं पाहिलं आहे. म्हणून या प्रश्नाचं उत्तर इथूनच शोधायला हवं.

गाव आणि त्याचे रुग्ण

जबलपूरला नर्सिंगचा विचार करायला कारणंही भरपूर आहेत. २०११ च्या कायद्यानं स्थापन झालेलं मध्यप्रदेश आयुर्विज्ञान विद्यापीठ याच गावात आहे. राज्यातल्या नर्सिंगच्या पदव्या वर्षानुवर्षं इथूनच दिल्या गेल्या. नागपूर रस्त्यावरचं नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय १९५५ चं. गावात त्याला नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात. मंडला, डिंडोरी, सिवनी, नरसिंहपूर, कटनी इथला हाताबाहेर गेलेला रुग्ण शेवटी मेडिकललाच येतो. बायकांसाठी जुनं लेडी एल्गिन रुग्णालय आहे, त्याचं आजचं नाव राणी दुर्गावती रुग्णालय. आदिवासींच्या आरोग्यावर संशोधन करणारी आयसीएमआरची संस्थाही १९८४ पासून इथेच आहे.

मराठी माणसाला हे गाव परकं नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होतं. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर असताना जबलपूर त्याच प्रांतात होतं. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूरचं उच्च न्यायालय उठून जबलपूरला आलं. बालाघाट, छिंदवाडा, बैतूल या जिल्ह्यांत आजही मराठी बोलणारी घरं आहेत. बालाघाटच्या मराठी घरातली मुलगी नर्सिंगला जायचं म्हणते, तेव्हा घरात पहिला वाद हाच होतो, की जबलपूर की नागपूर? म्हणजे दोन राज्यं, दोन परिषदा, दोन विद्यापीठं. मध्य प्रदेशात नोंदणी झालेल्या नर्सला महाराष्ट्रात नोकरी करायची तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे पुन्हा नोंदणी करावी लागते. प्रवेश घेतानाच हे ठाऊक असलं तर पुढचे हेलपाटे वाचतात.

परिचर्येच्या इतिहासातही मराठी नाव अगदी पहिल्या पानावर आहे. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत प्रशिक्षणाला आलेली पहिली भारतीय नर्स म्हणून बाई काशीबाई गणपत यांचा उल्लेख असतो. साल १८९१. नर्सिंगची पदवी सुरू व्हायला पुढे १९४६ साल उजाडलं. त्या वर्षी दिल्ली आणि वेल्लोर इथे बीएस्सीचे वर्ग भरले. १९५९ मध्ये दिल्लीच्या कॉलेजात पदव्युत्तर पदवी आली. हेच कॉलेज आज राजकुमारी अमृत कौर यांच्या नावानं ओळखलं जातं. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ चं. म्हणजे नर्सनं पदव्युत्तर शिक्षण घ्यावं, हे देशानं मान्य केल्याला सहा दशकं उलटून गेली. ते शिक्षण घेऊन तिनं रुग्णाजवळ नेमकं काय करावं, हे ठरवायला मात्र आपण फार उशीर केला.

एमएस्सी: वॉर्डातून वर्गात

बहुतेक मुली एमएस्सी निवडतात, कारण तेवढंच त्यांना माहीत असतं. बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक बीएस्सीला किमान ५५ टक्के गुण, परिषदेची नोंदणी आणि एका वर्षाचा अनुभव लागतो. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि शाखा पाच: मेडिकल-सर्जिकल, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य, सामुदायिक आरोग्य आणि मानसिक आरोग्य. संशोधनाचा प्रबंध असतो, अध्यापनाचे तास असतात, व्यवस्थापनही शिकवतात.

हा अभ्यासक्रम मुख्यत: शिक्षक घडवतो. नर्सिंग कॉलेजात लेक्चरर व्हायचं तर एमएस्सी लागतेच. पुढे पीएचडी करायची तर भारतीय नर्सिंग परिषदेनं २००५ च्या सुमारास सुरू केलेलं राष्ट्रीय कन्सॉर्शियम आहे. जिला शिकवायची मनापासून आवड आहे तिच्यासाठी ही उत्तम वाट आहे, आणि चांगल्या शिक्षकांची गरज किती आहे ते जबलपूरच्या खटल्यानं दाखवलंच. शिक्षक खरे असते, पुरेसे असते, तर एकाच माणसाचं नाव दहा ठिकाणी लावायची वेळ आली नसती.

पण ‘मला रुग्णाजवळच राहायचंय, फक्त जास्त जाणकार होऊन’ असं म्हणणाऱ्या मुलीची इथे फसगत होते. एम्ससारख्या संस्थांमधली भरती २०२० पासून ‘नॉरसेट’ या सामाईक परीक्षेतून होते. तिथे बीएस्सीवाली बसते, आणि पन्नास खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षं काम केलेली जीएनएम पदविकाधारकही बसते. एमएस्सी झालेलीही तीच परीक्षा देते. निवड झाली की तिघीही नर्सिंग ऑफिसर होतात, वेतनश्रेणी तीच आणि ड्युटीचा तक्ताही तोच. मानसिक आरोग्यात एमएस्सी केलेली मुलगी ऑर्थोच्या वॉर्डात लागते आणि बालआरोग्यवाली मेडिसिनला. दोन वर्षांचं शिक्षण ड्युटीच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. ती निमूटपणे काम करत राहते आणि संधी मिळताच कॉलेजात शिकवायला निघून जाते. वॉर्डाची जाणकार नर्स जाते आणि वॉर्ड आहे तिथेच राहतो.

एखाद्या विभागातच मुरायचं असेल, तर एक वर्षाच्या पोस्ट बेसिक पदविकेचा विचार जरूर करावा. क्रिटिकल केअर, आकस्मिक व आपत्ती, कर्करोग, नवजात शिशू, हृदयरोग, शस्त्रक्रियागृह अशा विषयांत या पदविका आहेत. नाव लहान आहे म्हणून मुली त्याकडे बघत नाहीत. पण ऑन्कोलॉजीत काम करणाऱ्या मुलीला कर्करोग परिचर्येचं एक वर्ष नीट मिळालं, तर केमोथेरपीचं औषध शिरेबाहेर गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं ते तिला पाठ्यपुस्तक न उघडता कळतं. रुग्णाला तेच हवं असतं.

अतिदक्षता विभागातली ती

प्रगत परिचर्येचा खरा अभ्यासक्रम आपल्याकडे आला तो ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरचा उल्लेख आला, आणि त्याच सुमारास भारतीय नर्सिंग परिषदेनं हा दोन वर्षांचा पदव्युत्तर रेसिडेन्सी अभ्यासक्रम सुरू केला. बीएस्सीनंतर किमान वर्षभराचा रुग्णसेवेचा अनुभव लागतो, तोही शक्यतो अतिदक्षता विभागातला. यात वर्गातले तास कमी आणि रुग्णाजवळचे जास्त. साधारण ८० टक्के शिक्षण वॉर्डातच होतं. शरीरक्रिया, औषधशास्त्र आणि रुग्णतपासणी हे विषय खोलात जाऊन शिकवले जातात.

एमएस्सी आणि या अभ्यासक्रमातला फरक समजून घ्यायचा तर एक रात्र डोळ्यांसमोर आणावी. रात्रीचे दोन वाजले आहेत. न्यूमोनियाचा रुग्ण आहे. श्वासाचा वेग मिनिटाला तीसवर गेला आहे, रक्तदाब उतरतो आहे, मघापर्यंत बोलणारा माणूस आता असंबद्ध बडबडतो आहे. ड्युटीवरची अनुभवी सिस्टर हे अचूक ओळखते. ती ऑक्सिजन वाढवते आणि डॉक्टरांना फोन करते. डॉक्टर त्या वेळी कॅज्युअल्टीत दुसऱ्या रुग्णाला नळी घालत असतात. सिस्टर वाट बघते. तिला कळतं, पण तिला अधिकार नाही.

याच जागी प्रशिक्षित नर्स प्रॅक्टिशनर आहे, आणि तिच्या हाताशी रुग्णालयानं मंजूर केलेले लेखी प्रोटोकॉल आणि स्थायी आदेश आहेत, असं समजा. ती छाती तपासते, धमनीतलं रक्त घेऊन त्यातले वायू आणि लॅक्टेट बघते. प्रतिजैविक देण्याआधी ब्लड कल्चर काढते. प्रोटोकॉलप्रमाणे प्रतिजैविक पहिल्या तासाच्या आत सुरू होतं. वजनाच्या हिशेबानं शिरेतून द्रव चालू होतो, किलोमागे ३० मिलिलिटर या जगभर मानल्या जाणाऱ्या मोजमापानं. सरासरी धमनीदाब ६५ च्या वर येत नसेल तर नॉरअॅड्रेनालिनची तयारी ठेवलेली असते. डॉक्टर येतात तेव्हा त्यांच्यासमोर अर्धं काम झालेला रुग्ण असतो आणि दोन वाक्यांत नेमकं ‘ओव्हर’ देणारी सहकारी असते. सेप्सिसमध्ये वाया गेलेला एकेक तास जिवावर बेततो. जबलपूरसारख्या ठिकाणी तर आजूबाजूच्या पाच-सहा जिल्ह्यांचे अत्यवस्थ रुग्ण एकाच ‘मेडिकल’ला येऊन पडतात. तिथे अशी एक व्यक्ती प्रत्येक शिफ्टला असावी, असं मला मनापासून वाटतं.

अडचण आहे ती पुढे. हा अभ्यासक्रम केलेल्या नर्सची राज्य परिषदेकडे अतिरिक्त पात्रता म्हणून नोंद होते. पण सरकारी रुग्णालयाच्या आस्थापनेत ‘नर्स प्रॅक्टिशनर’ या नावाचं पद, त्याची वेतनश्रेणी आणि त्याचे अधिकार लिहून ठेवलेले नसतील, तर ती पुन्हा साधी नर्सिंग ऑफिसर म्हणूनच उभी राहते. स्वतंत्रपणे औषध लिहून देण्याचा अधिकार आपल्या कायद्यात नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकालाच आहे. नर्स प्रॅक्टिशनर जे करते ते संस्थेच्या प्रोटोकॉलच्या चौकटीत करते. म्हणजे जिथे प्रोटोकॉल लिहिलेला आहे आणि अतिदक्षता विभागाचे प्रमुख त्याच्या पाठीशी आहेत, तिथेच या पदवीला अर्थ आहे. म्हणून या अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलीनं कॉलेजाची इमारत बघू नये. त्या रुग्णालयाच्या आयसीयूत आधीच्या बॅचच्या मुली आज काय करतात, हे जाऊन बघावं. त्या औषधांच्या ट्रॉल्याच भरत असतील, तर आपलंही तेच होणार.

प्रसूतीची जाणकार

मध्य प्रदेशाच्या संदर्भात मला सर्वांत मोलाची वाटणारी वाट मिडवाइफरीची आहे. २०१८ ते २० या काळातल्या नमुना नोंदणी सर्वेक्षणाप्रमाणे महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू होत होते. देशाचं प्रमाण ९७ होतं. मध्य प्रदेशाचं १७३. बालाघाट आणि गोंदिया यांच्यामध्ये राज्याची एक सीमारेषा आहे. त्या रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे बाळंत होणाऱ्या दोन बायकांच्या राज्यांतला हा फरक आहे.

डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारनं मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ हे नवं प्रशिक्षण आखलं. ते अठरा महिन्यांचं आहे आणि आंतरराष्ट्रीय मिडवाइफ महासंघाच्या मापदंडांवर बेतलेलं आहे. जीएनएम किंवा बीएस्सी झालेली, प्रसूतिगृहात काम केलेली नर्स त्याला पात्र ठरते. गुंतागुंत नसलेली प्रसूती मिडवाइफनं स्वत: सांभाळायची आणि धोका दिसताच वेळेत डॉक्टरकडे सोपवायचं, ही त्यामागची कल्पना. चांगलं प्रशिक्षण मिळालेल्या मिडवाइफ माता-बालकांना लागणारी ८७ टक्के अत्यावश्यक सेवा देऊ शकतात, असं २०१४ च्या जागतिक मिडवाइफरी अहवालानं म्हटलं होतं.

हे प्रशिक्षण प्रसूतिगृहात काय बदलतं? आपल्याकडच्या गर्दीच्या लेबर रूममध्ये बाईला टेबलावर उताणं झोपवलेलं असतं. सोबतीला आई नाही, सासू नाही. ती ओरडली की कुणीतरी खेकसतं. पहिलटकरणीला सरसकट छेद दिला जातो. मिडवाइफ हे सगळं उलटं करायला शिकते. बाईला चालू देते, उकिडवं किंवा कुशीवर होऊ देते, जवळचं माणूस सोबत ठेवते. कळांची प्रगती पार्टोग्राफ या आलेखावर मांडते, आणि रेषा वळली की लगेच हलते. गरज नसताना छेद देत नाही. बाळ आईच्या छातीवर ठेवते आणि नाळ निदान एक ते तीन मिनिटं थांबून कापते. यात यंत्र एकही नाही. लागतं ते ज्ञान, धीर आणि बाईविषयी आदर.

लेबर रूममध्ये ज्या सिस्टरचं मन रमतं तिनं एमएस्सीच्या मोहात न पडता आधी या प्रशिक्षणाची चौकशी करावी. आपल्या राज्यात प्रशिक्षण संस्था कुठे आहे, प्रशिक्षणाच्या काळात पगार चालू राहतो का, आणि परतल्यावर मिडवाइफच्या नेतृत्वाखालच्या प्रसूती कक्षातच नेमणूक होणार हे लेखी मिळतं का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

उपकेंद्रातली अधिकारी

चौथी वाट गावाकडे जाते. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांचं आरोग्य केंद्रांत रूपांतर सुरू झालं. त्यांचं आजचं नाव आयुष्मान आरोग्य मंदिर. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘सीएचओ’ नेमला जातो. बीएस्सी किंवा जीएनएम नर्सनं सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला की ती या पदाला पात्र होते. पुढे तो भाग बीएस्सीच्या अभ्यासक्रमातच घालण्याची सोय झाली. सपाट प्रदेशात पाच हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासणं, डॉक्टरांनी सुरू केलेली औषधं चालू ठेवणं, ई-संजीवनी या दूरवैद्यक सेवेवरून डॉक्टरांशी रुग्णाचं बोलणं घडवणं, ही तिची रोजची कामं.

मंडला-डिंडोरीच्या पट्ट्यात या कामाचं मोल फार आहे. सिकलसेल हा इथल्या गोंड-बैगा वस्त्यांचा जुना, आनुवंशिक आजार. तो हटवण्याची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी शेजारच्याच शहडोलमधून सुरू झाली. तपासणी शिबिरात होते, पण आजार आयुष्यभराचा असतो. मुलाला वेदनेचा झटका कधी येतो, हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित चाललंय का, लग्न ठरण्याआधी दोन्हीकडची सिकलसेल कार्डं पाहिली का, हे बारा महिने बघणारं माणूस गावातच लागतं. ते माणूस नर्स आहे.

पण प्रमाणपत्र सहा महिन्यांचं आणि नेमणूक बहुधा राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटावर. ठरावीक मानधन आणि कामावर आधारित भत्ता. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यानं कलम ३२ मध्ये समुदाय आरोग्य प्रदात्याला मर्यादित परवान्याची तरतूद केली. डॉक्टरांच्या संघटनांनी तिला कडाडून विरोध केला. या ओढाताणीत गावात एकटीनं काम करणारी मुलगी मधल्यामध्ये राहते. जबाबदारी अधिकाऱ्याची, नोकरी कंत्राटी. सीएचओ म्हणून चार-पाच वर्षं काम केलेल्या नर्सला सामुदायिक आरोग्याच्या एमएस्सीत आणि पुढे सार्वजनिक आरोग्याच्या पदांवर प्राधान्य मिळायला हवं. तिला गावाचं आरोग्य कळलेलं असतं. ते कुठल्याही प्रवेश परीक्षेत मोजलं जात नाही.

सातासमुद्रापलीकडचा हिशेब

नर्स प्रॅक्टिशनर ही कल्पना जन्मली अमेरिकेत. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सनं हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाबरोबर पहिला अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टर न पोचणाऱ्या खेड्यांतली मुलं हे त्यामागचं कारण होतं. लोरेटा फोर्ड जानेवारी २०२५ मध्ये वयाच्या १०४ व्या वर्षी गेल्या, तेव्हा त्यांच्या देशात साडेतीन लाखांहून अधिक नर्स प्रॅक्टिशनर काम करत होत्या. निम्म्याहून अधिक राज्यांत त्या डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रुग्ण तपासतात आणि औषध लिहितात.

तिथली रचना नीट लावलेली आहे. प्रगत नर्सच्या चार भूमिका आहेत: नर्स प्रॅक्टिशनर, क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट, भूल देणारी नर्स आणि नर्स-मिडवाइफ. शिक्षणाआधीच रुग्णगट निवडावा लागतो. कुटुंब, प्रौढ-वृद्ध, बालक, नवजात, स्त्री-आरोग्य किंवा मानसिक आरोग्य, यांपैकी एक. पदव्युत्तर किंवा डॉक्टरेट पदवी, मग त्याच रुग्णगटाची राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा, मग राज्याचा परवाना. भूलतज्ज्ञ नर्ससाठी तर २०२२ पासून प्रवेशच डॉक्टरेट पातळीवर झाला आहे. पदवी, प्रमाणपत्र, परवाना आणि काम हे चारही एका ओळीत असतात, आणि आपल्याकडे नेमकी हीच ओळ तुटलेली आहे.

परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुलींनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. भारतातली एमएस्सी तिथे आपोआप नर्स प्रॅक्टिशनरचा परवाना मिळवून देत नाही. अमेरिकेत आधी एनक्लेक्स ही परवाना परीक्षा उत्तीर्ण होऊन नोंदणीकृत नर्स व्हावं लागतं आणि प्रगत भूमिकेसाठी तिथला मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करावा लागतो. ऑस्ट्रेलियात पदव्युत्तर शिक्षणाखेरीज गेल्या सहा वर्षांतले प्रगत कामाचे ५,००० तास दाखवावे लागतात. ब्रिटनमध्ये २००६ पासून योग्य प्रशिक्षण घेतलेली नर्स जवळपास सर्व औषधं लिहू शकते, पण ते प्रशिक्षणही तिथेच घ्यायचं. तेव्हा परदेशच गाठायचा असेल, तर इथे दोन वर्षं एमएस्सीत घालवण्याआधी हिशेब करावा. अतिदक्षता विभागातला तीन वर्षांचा पक्का अनुभव आणि भाषेची परीक्षा पुष्कळदा जास्त कामाची ठरते.

कॉलेज तपासायचं कसं

जबलपूरच्या खटल्यानं पालकांना एक गोष्ट शिकवली. मान्यतेचा कागद भिंतीवर लावलेला असला, तरी स्वत: जाऊन बघायला हवं. भारतीय नर्सिंग परिषदेच्या संकेतस्थळावर त्या-त्या शैक्षणिक वर्षाची मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. गेल्या वर्षीची चालत नाही. राज्य परिषदेची मान्यता वेगळी बघायची आणि विद्यापीठाची संलग्नता वेगळी. मागच्या दोन बॅचचे निकाल लागले का, हे आजी विद्यार्थिनींना विचारायचं. एमएस्सी ‘घरबसल्या’ मिळेल अशी जाहिरात दिसली, तर परिषदेकडून खातरजमा करून घेतल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.

आणि मग सकाळी आठ वाजता त्यांच्या रुग्णालयात जावं. गणवेशातल्या विद्यार्थिनी वॉर्डात दिसतात का? एका विद्यार्थिनीमागे निदान तीन रुग्ण असावेत असा दंडक आहे, तिथे खाटांवर खरंच रुग्ण आहेत का? त्यांच्यासोबत शिक्षक उभे आहेत की मुली इन्चार्ज सिस्टरच्या भरवशावर सोडल्या आहेत? विद्यार्थिनीची लॉगबुक बघावी. तिच्यातल्या नोंदी वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, वेगवेगळ्या तारखांना, वेगवेगळ्या सह्यांनी भरलेल्या असतील, तर शिक्षण चालू आहे. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत उतरवलेल्या दिसल्या, तर तिथून परत फिरावं. हा अर्धा तास पुढची दोन वर्षं वाचवतो.

सरकारनं काय करावं

१९४७ च्या भारतीय नर्सिंग परिषद कायद्याच्या जागी ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा झाला. राष्ट्रीय आणि राज्य आयोग, एकसमान नोंदवही, शिक्षणाचे समान मापदंड हे त्यात आहे, आणि ते स्वागतार्ह आहे. पण अभ्यासक्रम आखून भागत नाही. राज्यानं वैद्यकीय महाविद्यालयांत नर्स प्रॅक्टिशनरची पदं निर्माण करावीत, त्यांना वेगळी वेतनश्रेणी द्यावी, त्यांच्या कामाची हद्द राजपत्रात छापावी आणि प्रोटोकॉलप्रमाणे केलेल्या कामाला कायद्याचं संरक्षण द्यावं. मिडवाइफला प्रसूती कक्षाबाहेर बदलू नये. एमएस्सीवालीला तिच्याच शाखेच्या विभागात नेमावं; त्याला एक आदेश पुरेल. डॉक्टरांच्या संघटनांनीही हे लक्षात घ्यावं, की डिंडोरीच्या रात्रीत नर्स डॉक्टरची जागा घेत नाही, कारण तिथे डॉक्टर नसतोच.

आणि ज्या सिस्टर हे वाचत असतील त्यांना एवढंच सांगायचं आहे. मैत्रीण करते म्हणून, किंवा नावापुढे चार अक्षरं वाढतात म्हणून पदवी निवडू नका. पाच वर्षांनी सकाळच्या शिफ्टला तुम्हाला कुठे उभं राहायचं आहे, ते आधी ठरवा: वर्गात, आयसीयूत, प्रसूतिगृहात, उपकेंद्रात की परदेशी. मग त्या जागी आज काम करणाऱ्या एखाद्या बाईला गाठा, तिच्याबरोबर एक दिवस घालवा, तिचा पगार आणि तिचे अधिकार स्पष्ट विचारा. फॉर्म त्यानंतर भरा.

घरच्यांनाही एक विनंती आहे. मुलगी आधीच नोकरीला लागली आहे, आता पुन्हा शिकून काय करणार, असं म्हणू नका. उद्या आपल्यापैकी कुणी रात्री दोन वाजता त्या खाटेवर असेल, तेव्हा पहिली येणार आहे ती सिस्टर. ती जितकी शिकलेली असेल, तितके आपण सुरक्षित असू.